बाई म्हटलं की मी ओ द्यायचे

थोरली पहिलीत होती ती माझ्याच वर्गात. जत तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीला लागून असलेली आमची दोन शिक्षकांची शाळा. पहिली-दुसरी माझ्याकडं, तिसरी-चौथी हेडमास्तरांकडं. शाळेत सगळी पोरं मला बाई म्हणायची, म्हणून तीही बाई म्हणायची. त्यात नवल काही नव्हतं. शिक्षकांच्या मुलांना ही दोन नावं अंगवळणी पडलेली असतात. फाटकाच्या आत बाई, बाहेर आई. पण त्या वर्षी दिवाळीच्या आसपास ती मला घरातही बाई म्हणायला लागली, आणि ते माझ्या लक्षात यायला बरेच दिवस गेले.

धाकटी तेव्हा सव्वा वर्षाची होती. मुलींचे पप्पा पाटणला वीजखात्यात लाईनमन. कोयनेच्या खोऱ्यात पावसाळाभर तारा तुटतात, खांब पडतात, त्यामुळं जून ते सप्टेंबर त्यांना रजा मागायचीही सोय नसे. एरवी पंधरा दिवसांतून एकदा ते यायचे. पाटणहून कऱ्हाड, कऱ्हाडहून विटा, विट्याहून जत, आणि तिथून मिळेल त्या वाहनानं गावात. शनिवारी संध्याकाळी पोचायचे आणि रविवारी दुपारी निघायचे. मी सांगली जिल्ह्यात, ते सातारा जिल्ह्यात. बदलीचा अर्ज मी दोनदा भरला होता. तो कुठल्यातरी यादीत होता.

धाकटीचं बाळंतपण पाटणला सासरी झालं. दुसरी मुलगी झाली म्हणून कुणी मला टाकून बोललं नाही, हे मला सांगितलं पाहिजे. सासूबाईंनी डिंकाचे लाडू केले, शेक-शेगडी केली, बाळाला रोज स्वतः न्हाऊ घातलं. फक्त थोरलीच्या वेळी गल्लीत वाटली तशी बर्फी या वेळी वाटली नाही, आणि ती का वाटली नाही हे कुणी बोललं नाही. मीही विचारलं नाही. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं. पण वाईटही वाटलं नाही. मी खाटेवर पडून वरच्या पत्र्याकडं बघत राहायचे. बाळ रडलं की छातीला लावायचे, झोपलं की खाली ठेवायचे. बाळंतिणीला थकवा असतोच, असं सगळे म्हणायचे. मलाही तसंच वाटलं.

रजा संपल्यावर दोन्ही मुलींना घेऊन मी जतकडं परतले. शाळेजवळ दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. पलीकडच्या घरात एक मेंढपाळ कुटुंब राहायचं. घरधनी आणि मुलगा दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कऱ्हाडच्या बाजूला उतरायचे, ते पावसाच्या तोंडावर परत यायचे. मागं राहायची ती त्या घरातली बाई. पंचावन्नच्या आसपासची, उंच, कमरेत किंचित वाकलेली. घरात कन्नड बोलायची, आमच्याशी मराठी. गाव तिला अव्वा म्हणायचं, म्हणून आम्हीही अव्वा म्हणायचो. कन्नडमध्ये अव्वा म्हणजे आई, हे मला आल्या आल्या कळलं होतं. पण गावात ते नुसतं नावासारखं झालं होतं.

मी शाळेत असताना धाकटी अव्वाकडं राहायची. तिथंच ती रांगायला लागली, तिथंच तिला पहिले दात आले, आणि बोलायलाही ती तिथंच शिकली. तहान लागली की नीर म्हणायची. काही नको असलं की हात झटकून ब्याड म्हणायची. एक दिवस शाळा सुटल्यावर तिला आणायला गेले, तर ती अव्वाच्या पदराला धरून उभी होती. मी हात पुढं केले. तिनं मान फिरवली, अव्वाच्या गुडघ्यात तोंड खुपसलं आणि म्हणाली, "अव्वा." ते नुसतं नाव नव्हतं, तिच्या लेखी आई तीच होती. अव्वा ओशाळली. तिला माझ्याकडं ढकलत म्हणाली, "आवं, अजून कळत न्हाई तिला." मी म्हणाले, असू दे. तिला उचललं आणि घरी आले. येताना मनाशी विचार केला की आता मला काहीतरी टोचायला पाहिजे. वाट पाहिली. काही टोचलं नाही. घरी येऊन मी डाळ शिजायला टाकली.

तेव्हाचे माझे दिवस कसे होते ते सांगणं अवघड आहे, कारण बाहेरून पाहणाऱ्याला सगळं ठीक दिसलं असतं. पहाटे उठत होते. थोरलीच्या दोन वेण्या घालत होते, लाल रिबिनी दुमडून वर बांधत होते. शनिवारी दोघींच्या उवा काढत होते. धाकटीला दुधात भाकरी कुस्करून भरवत होते. गावात लसीकरण असलं की तिला मांडीवर घेऊन बसत होते. नर्सताईंनी सुई टोचली की ती किंचाळायची आणि मी तिचे पाय घट्ट धरून ठेवायचे, सांगितलं होतं तसे. काही विसरू नये म्हणून डाव्या तळहातावर पेनानं लिहून ठेवायचे. दूध. डोस. थोरलीचा गृहपाठ. तळहातावर नसेल ते व्हायचं नाही. एकदा तीन दिवस धाकटीला अंघोळ घातली नव्हती, कारण ते लिहायचं राहिलं होतं. अव्वानं तिला आपल्या अंगणात न्हाऊ घातलं.

शाळेत मात्र मी चालत होते. घंटा झाली की आवाज आपोआप निघायचा. परिपाठ, हजेरी, पाढे, खिचडी. कुणी बाई म्हणून हाक मारली की मान वळायची. बाई, त्यानं माझी पेन्सिल घेतली. बाई, मी पाणी पिऊन येऊ का. मी सगळ्यांना उत्तर द्यायचे. हेडमास्तर एकदा म्हणाले, दुसऱ्या बाळंतपणानंतर तुम्ही शांत झालात, पोरांवर ओरडत नाही आता. त्यांनी ते कौतुकानं म्हटलं होतं.

आणि घरी थोरली मला हाका मारायची. आई, हे बघ. आई, माझं पोट दुखतंय. आई, ऐक ना. मला ऐकू यायचं. पण ऐकू येणं आणि वळून बघणं यांच्यामध्ये कुठंतरी ते अडून राहायचं. तिसऱ्या-चौथ्या हाकेला मी हं म्हणायचे. सहा वर्षांच्या पोरीला कितीसं कळतं, असं आपण म्हणतो. तिनं बघितलं की ही शाळेत पहिल्या हाकेला ओ देते. मग एक दिवस घरी, चुलीपाशी उभी राहून, तिनं शाळेतल्या आवाजात विचारलं, "बाई, मला भूक लागलीय. वाढता का?"

मी लगेच उठले आणि वाढलं.

त्यानंतर ती तसंच बोलायला लागली. बाई, वेणी घाला. बाई, धाकटीनं शी केली. अहो-जाहो करून, हात मागं बांधून. मला वाटायचं ती शाळा-शाळा खेळते. खेळ इतके दिवस चालत नाही, हा विचार माझ्या मनात आला नाही. पप्पा आले की ती मला पुन्हा आई म्हणायची. त्यांच्यापासून तिनं ते लपवलं, ते कशामुळं, हे मला आजही माहीत नाही.

त्या वर्षी उन्हाळा लवकर लागला. विहिरी आटल्या आणि तीन दिवसांआड टँकर सुरू झाला. अंगणाच्या कडेला आम्ही एक मोठं निळं बॅरल ठेवलं होतं, धुण्याच्या दगडाला लागून. टँकर आला की सगळं गाव पाईप, घागरी घेऊन पळायचं. माझं बॅरल अव्वा भरून घ्यायची.

तो रविवार होता. पप्पांची ती यायची पाळी नव्हती. सकाळी टँकर येऊन गेला होता आणि बॅरल काठोकाठ भरलं होतं. दुपार कलत असताना मी उंबऱ्यावर सूप घेऊन ज्वारी निवडत बसले होते. थोरली आत चित्र काढत होती. धाकटी अंगणात वाटी घेऊन फिरत होती. ती धुण्याच्या दगडावर चढली. बॅरलचं झाकण बाजूला सरकलेलं होतं. ती टाचा वर करून वाकली, वाटी बुडवली, पाणी खाली ओतलं, हसली, पुन्हा वाकली.

मला ते सगळं दिसत होतं. माझ्यापासून ती आठ-दहा पावलांवर होती. माझ्या मनात वाक्य आलं, ही पडणार. फळ्यावर लिहिल्यासारखं स्वच्छ वाक्य. ते मी वाचलं आणि तेवढ्यावरच थांबले. हात सुपातच होते.

ती पुन्हा वाकली आणि डोक्याकडून आत गेली. वर फक्त तिचे पाय राहिले. मला तिचे तळवे दिसले, मातीनं माखलेले, हलणारे. मी ते पाहत बसले.

थोरली दारात आली. माझ्या अंगावरून उडी मारून ती गेली, तिनं ते पाय धरले आणि ओढायला लागली. तिला ते पेलत नव्हतं. तिनं हाक मारली ती मला नाही. "अव्वा, अव्वा" असं ओरडत राहिली. अव्वा कुंपणाची काटेरी फांदी तशीच तुडवून आली, धाकटीच्या कमरेला धरून तिला बाहेर काढलं, उलटी धरली, पाठीवर थापट्या मारल्या. ती खोकली, पाणी ओकली आणि मग रडायला लागली. तिचं रडणं ऐकल्यावर मी उठले. आत गेले, ट्रंकेतला कोरडा टॉवेल काढला, घडी घातलेला तसाच नेऊन अव्वाला दिला.

हे किती वेळात झालं, मला सांगता येणार नाही. थोडाच वेळ असणार. धाकटीला पुढं काहीही झालं नाही. दोन दिवस खोकला आणि मग तोही गेला.

अव्वानं तिला पुसलं, घोंगड्यात गुंडाळून मांडीवर घेतलं. थोरली तिच्या पाठीला चिकटून उभी होती आणि माझ्याकडं बघत होती. मग अव्वा उठून माझ्यासमोर येऊन बसली. तिच्या पायातून काटा गेला होता, रक्त येत होतं. तिनं माझी हनुवटी धरून तोंड वर केलं.

"बाई, तुमी कुठं हाय?"

"इथंच आहे की."

"न्हाई," ती म्हणाली. "लय दिवस झालं, तुमी न्हाई हितं."

मग तिनं मला तिची गोष्ट सांगितली. तिसरी मुलगी झाल्यावर तिचंही असंच झालं होतं. मुलगी रडली तरी तिला उठावंसं वाटायचं नाही. भाकरी तोंडात घातली की माती चावल्यासारखी लागायची. सासूनं देवऋषी केला, अंगारे लावले, मारही दिला. शेवटी सासरा म्हणाला, हिला मेंढरांमागं धाडा. पोर पाठीला बांधून ती चार महिने कळपामागं चालली. चालता चालता एके दिवशी कुठल्यातरी माळावर दुपारची भाकरी खाताना तिला मीठ लागलं.

"मीठ कळलं आन् मग मी रडले," ती म्हणाली. "तवर रडू बी न्हवतं." मग म्हणाली, "तुमाला मेंढरं न्हाईत. तुमी डाक्टरकडं जावा."

माझ्या फोनवरून तिनंच थोरलीला नंबर लावायला सांगितला. मुलींच्या पप्पांना ती एवढंच म्हणाली की साहेब, उद्या या, काम जरा बाजूला ठेवा. ते आले. सासूबाईही बरोबर आल्या. झालेलं मी सांगितलं. जसं झालं तसं, काही न लपवता, कारण लपवावंसं वाटायला जे लागतं तेही माझ्याकडं नव्हतं. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी माझी दृष्ट काढली. पप्पा बॅरलपाशी गेले. मग त्यांनी ते आडवं करून सगळं पाणी अंगणात सांडून दिलं. तीन दिवसांचं पाणी होतं ते.

दोन दिवसांनी आम्ही मिरजेला गेलो. दवाखान्यात थोरलीला बाहेर बसवायचं ठरलं होतं, पण ती माझा पदर सोडेना, म्हणून आत घेतलं. डॉक्टर बाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी बरंच विचारलं. झोप, भूक, जीव द्यावासा वाटतो का. मी वर्गात सांगावं तशी ठाकठीक उत्तरं दिली. जीव द्यावासा वाटत नाही, म्हणाले, आणि ते खरं होतं. त्यालाही काही वाटावं लागतं. मग त्यांनी विचारलं, "मुलींना खायला काय आवडतं?"

मला आठवेना. रोज मीच भरवत होते, तरी आठवेना. खोलीत पंखा फिरत होता. थोरलीनंच सांगितलं, धाकटीला लिंबाची फोड चोखायला आवडते आणि मला पोळीचा लाडू. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "बाई, तुम्ही मागं केला होता."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. पप्पांनी थोरलीकडं पाहिलं. तिनं मला बाई म्हटलेलं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

हा आजार आहे, डॉक्टर म्हणाल्या. बाळंतपणानंतर कितीतरी बायकांना होतो, त्यातल्या थोड्याच इथपर्यंत येतात. गोळ्या नियमानं घ्यायच्या, एकटं राहायचं नाही, आणि बरं वाटायला वेळ लागेल. परत येताना एसटीत पप्पा माझ्याशेजारी बसले. कवठेमहांकाळ मागं पडल्यावर त्यांनी धाकटीला आपल्या मांडीवर घेतलं आणि म्हणाले, मला दर खेपेला वाटायचं, तू माझ्यावर रागावलीयस. मी म्हणाले, नाही. राग नव्हता.

त्यांनी तीन आठवड्यांची रजा काढली. तेच सकाळी थोरलीच्या वेण्या घालायचे. लाईनमनचे हात, तारेला पीळ द्यावा तशा त्या वेण्या घट्ट आणि ताठ व्हायच्या, आणि ती दिवसभर डोकं खाजवायची. पण तक्रार करायची नाही. त्यांची रजा संपल्यावर सासूबाई येऊन राहिल्या. त्यांना जतचं ऊन सोसायचं नाही, जड पाणी पचायचं नाही, कन्नड कळायची नाही. तरी त्या राहिल्या. एकदा भाकरी थापता थापता त्या मला म्हणाल्या की बर्फीचं माझ्या मनातून जात नाही, मी वाटायला पाहिजे होती. मी म्हणाले, जाऊ द्या. त्यांनी डोळे पुसले. मी परातीत पीठ घातलं.

गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं, अंग जड व्हायचं. पहिले दोन महिने बाकी काही झालं नाही. मी वाट बघत होते ती मायेची. मुलींना जवळ घेतलं की छातीत काहीतरी हलेल, असं मला वाटायचं. मी मुद्दाम घ्यायचेही. दोघी लाकडासारख्या उभ्या राहायच्या, मी सोडेपर्यंत.

परत आला तो राग. पावसाळ्यात एका दुपारी थोरलीनं आमटीचं पातेलं सांडलं, आणि मी ओरडले. किती वेळा सांगायचं, डोळे फुटलेत का, असं काय काय बोलले. घसा दुखला. ती रडेल असं वाटलं, पण ती माझ्याकडं टक लावून बघत राहिली. मग आमटीतूनच पळत कुंपणापाशी गेली आणि मला ऐकू येईल एवढ्या आवाजात तिनं अव्वाला सांगितलं की आई मला ओरडली. गावात एखाद्याकडं नवी गाडी आल्याची बातमी सांगावी तसं.

त्यानंतर जे आलं ते तुकड्या-तुकड्यांनी आलं, आणि सगळं आलं असं मी म्हणणार नाही. भीती आली. एकदा पोळीला तुपाचा वास आला. अव्वासारखं एखाद्या दिवशी मीठ कळावं आणि रडू फुटावं, असं माझं झालं नाही. मी अजून नीटशी रडलेली नाही.

दोन वर्षांनी यादीत नाव लागलं आणि माझी पाटण तालुक्यात बदली झाली. सामान टेम्पोत चढवताना धाकटी अव्वाच्या गळ्याला अशी चिकटली की पप्पांना तिचे हात सोडवावे लागले. साडेतीन वर्षांची होती. ती विट्यापर्यंत रडत होती, कन्नडमध्ये, आणि ती काय म्हणते ते टेम्पोत कुणालाच कळत नव्हतं. मला थोडं थोडं कळत होतं. सासूबाईंनी विचारलं, काय म्हणते गं? मी सांगितलं, झोप आलीय म्हणते.

पाटणला पाऊसच पाऊस. धुणं आठ-आठ दिवस वाळत नाही, भिंतींना ओल येते. धाकटी चार महिन्यांत कन्नड विसरली. गेल्या वर्षी अव्वाचा फोन आला तेव्हा तिनं नमस्कार म्हणून फोन माझ्याकडं दिला आणि विचारलं, कोण होतं? थोरली इथल्या गावातल्या शाळेत जायला लागली. तिथं तिला दुसऱ्या बाई होत्या, त्यामुळं दोन बायांचा घोळ नको म्हणून असेल, ती मला पुन्हा आई म्हणायला लागली. ते कुठल्या दिवशी झालं, मला ठाऊक नाही. माझं लक्ष होतं, तरी तो दिवस निसटला.

थोरली आता सहावीत आहे. अभ्यासात बरी, बोलायला कमी. धाकटीवर तिची नजर असते. धाकटी न्हाणीत गेली की ही दाराबाहेर उभी राहते. रस्ता ओलांडताना मी धाकटीचा एक हात धरला असला तरी दुसरा हात ही धरते. नदीला पाणी आलं की पुलावर सगळं गाव बघायला जातं. ही धाकटीला घेऊन घरात बसते. लोक म्हणतात, मोठी बहीण असावी तर अशी. मी ऐकून घेते.

या हिवाळ्यात शाळेची सहल प्रतापगडला निघाली. पहाटे जाऊन संध्याकाळी परत. वर्गातल्या सगळ्या मुली जाणार होत्या. ती म्हणाली, मी जात नाही. मी कारण विचारलं, तर म्हणाली, घाटात मळमळतं. मी म्हणाले, गोळी देते. मग म्हणाली, धाकटीला सुट्टी आहे त्या दिवशी, तिच्याजवळ कोण थांबणार?

"मी आहे की घरी," मी म्हणाले.

ती दप्तर भरत होती. वर न बघता म्हणाली, "तेव्हा पण होतीस."

तिला आठवत असेल का, हे मी इतकी वर्षं विचारलं नव्हतं. आठवत नसेल असं धरून चालले होते. मी तिच्यासमोर खाली बसले. सांगायचं म्हणून मनात कधीचं जुळवून ठेवलं होतं, आजार, डॉक्टर, गोळ्या, पण त्यातलं आधी काही निघालं नाही.

"हो," मी म्हणाले. "होते. बघत होते. आणि उठले नाही."

ती थांबली. पुस्तक हातात तसंच. "मला वाटलं तू डोळे उघडे ठेवून झोपलीयस," ती म्हणाली. "शाळेत मी मुलींना सांगितलं होतं, आमची आई अशी झोपते."

मग मी तिला आजाराचं सांगितलं, जमेल तेवढ्या सोप्या भाषेत. तिनं ऐकून घेतलं. आता होतं का तसं, विचारलं. मी म्हणाले, थोडं होतं. पण होतंय हे कळतं आणि मी गोळ्या घेते, पप्पांना सांगते. तिनं गोळ्या कुठं असतात ते विचारलं. मी कपाट उघडून दाखवल्या. तिनं पाकीट हातात घेऊन दोन्ही बाजूंनी वाचलं आणि परत जागेवर ठेवलं.

सहलीला ती गेली. पहाटे साडेचारला पप्पा तिला मोटारसायकलवरून शाळेपाशी सोडून आले. सकाळी नऊला तिच्या बाईंच्या फोनवरून तिचा फोन आला, धाकटी उठली का? उठली म्हणाले. बाराच्या सुमाराला पुन्हा आला, जेवली का? जेवली. धाकटी शेजारीच पालथी पडून रंगीत खडूंनी जमिनीवर घर काढत होती. मी फोन तिच्या कानाला लावला. ती म्हणाली, आम्ही खेळतोय, तू नंतर कर. दुपारी फोन आला नाही. मी त्या दिवशी जास्त काही केलं नाही. धाकटी ज्या खोलीत होती त्या खोलीत बसून राहिले.

सहलीची गाडी यायला अंधार पडला होता. थोरली उतरली ती गळून गेलेली, केस विस्कटलेले. येताना घाटात उलटी झाली होती. स्वेटरवरच झाली होती, तो तिनं पिशवीत कोंबून आणला होता. आई, वास येतोय त्याला, म्हणत तिनं पिशवी माझ्या हातात दिली आणि पप्पांच्या मागं मोटारसायकलवर बसली. मी धाकटीचा हात धरून घरी चालत आले आणि स्वेटर गरम पाण्यात भिजवला.